जिऱ्याचं पोट : भंडाऱ्याच्या तळ्यांचा थोडा वेगळा इतिहास



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, 'माशाच्या पिल्लाचं पोट'. पलीकडून जरा वेळ कोणी बोलेना. मग ते अदबीने म्हणाले, 'सर, तुमचं तर तत्त्वज्ञान ना?' आम्ही म्हटलं, हे तत्त्वज्ञानच आहे. त्यांना ते कितपत पटलं ठाऊक नाही, पण पत्रिकेवर त्यांनी 'भंडारा जिल्ह्यातील मत्स्यव्यवसायाचा इतिहास' असं सभ्य नाव छापलं. तेही चूक नाही. सांगायचा इतिहासच आहे. फक्त तो आम्ही राजापासून किंवा कायद्यापासून सुरू न करता सहा-सात मिलिमीटरच्या एका जिवापासून सुरू करणार आहोत.

पाऊस लागला की आपल्या जिल्ह्यात मच्छीमार संस्थांची माणसं मोटारसायकलवरून, टेम्पोतून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या नेताना दिसतात. खाली थोडं पाणी, वर ऑक्सिजन, तोंडाला घट्ट गाठ. पाण्यात बघितलं तर काही हलतंय एवढंच कळतं. यालाच जिरे म्हणतात. शब्द किती नेमका आहे बघा. स्वयंपाकघरातल्या जिऱ्याएवढा जीव. तोच पुढे दोन-अडीच सेंटिमीटरचा झाला की अर्धबोटुकली आणि बोटाएवढा झाला की बोटुकली. म्हणजे माशाचं वय आपण लांबीने मोजलं, स्वयंपाकघरातल्या आणि हातावरच्या मापाने मोजलं. सरकारी कागदांतही तेच शब्द आले आणि त्यांच्यापुढे लाखांचे आकडे आले. एवढे लाख जिरे सोडले, एवढे लाख बोटुकली सोडली. त्या लाखांमधल्या एकेकाच्या पोटात काय होतं, हा रकाना कुठल्याच कागदावर नव्हता. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की या जिल्ह्यातल्या मासेमारीच्या गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासातली बरीचशी गोष्ट त्या नसलेल्या रकान्यात आहे.

आधी पोटाचं सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

रोहू, कटला, मृगळ यांचं अंडं फलित झाल्यावर आपल्याकडच्या पावसाळी उबेत साधारण चौदा ते अठरा तासांत फुटतं. बाहेर येतं ते चार-पाच मिलिमीटरचं पारदर्शक पिल्लू. त्याला तोंड नसतं. म्हणजे तोंडाची जागा असते, पण ती उघडलेली नसते. मागचं दारही बंद. पोटाखाली पिवळ्या बलकाची लांबट पिशवी, आईने बांधून दिलेली शिदोरी म्हणा. पहिले तीनेक दिवस पिल्लू त्या शिदोरीवर जगतं. या तीन दिवसांत आत जे चालतं ते थक्क करणारं आहे. या कुळातल्या माशांचं आतडं सुरुवातीला नळी नसतंच, पेशींची भरीव दोरी असते. त्या दोरीच्या आत पोकळी पडत जाते. यकृत आणि स्वादुपिंड आकार घेतात, पाचकरस तयार होऊ लागतात. मग तोंड उघडतं, जबडा हलू लागतो, मागचं दारही उघडतं. इकडे हे होत असताना तिकडे शिदोरी संपत आलेली असते. दोन्ही गोष्टींची गाठ जेमतेम एखाद्या दिवसाची.

आणखी एक. या माशांना जठर नसतं. लहानपणी नसतं आणि मोठेपणीही नसतं. कार्प कुळाचा हा स्वभावच आहे. जठर नाही म्हणजे आम्ल नाही, पेप्सिन नाही. आणि व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे कोठार नाही. सकाळी पोटभर जेवून संध्याकाळपर्यंत निभावणं त्याला जमत नाही, थोडंथोडं सतत खावं लागतं. पहिल्या घासाच्या वेळचं आतडं सरळ आणि शरीराहूनही आखूड असतं. एवढ्या आखूड नळीत, कच्च्या रसांवर, पचण्याजोगं काय असणार? पाण्यात तरंगणारे अगदी सूक्ष्म प्राणी, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाचे, तोंडात मावतील असे. शेवाळ खाणारा म्हणून प्रसिद्ध असलेला रोहूसुद्धा जन्मतः शाकाहारी नाही, बरं का! त्याचं आतडं पुढच्या आठवड्यांत लांबत जातं, वेटोळी पडतात, आणि मोठ्या रोहूचं आतडं उलगडलं तर त्याच्या अंगाच्या कितीतरी पट भरतं. तेवढी लांबी आल्यावर तो वनस्पतीकडे वळतो. कटला वरच्या थरात सूक्ष्म प्राण्यांवरच राहतो, मृगळ तळाच्या गाळात उतरतो. तिघांचे संसार वेगळे होतात ते असे, आतड्याच्या लांबीवरून. सुरुवातीला तिघांचं ताट एकच असतं.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काय सापडलं ते सांगतो. अठराव्या शतकात युरोपात एक मोठा वाद चालू होता. जीव बीजात आधीच घडलेला असतो आणि फक्त मोठा होतो, की नसलेलं काही नव्याने घडत जातं? आपल्याकडे सांख्यांचा सत्कार्यवाद आणि न्यायवैशेषिकांचा असत्कार्यवाद यांच्यात घागर मातीत आधीपासून असते की नाही यावर जे भांडण झालं, त्याचंच हे भावंड. गंमत अशी, की युरोपातलं भांडण शेवटी येऊन अडलं ते आतड्यावर. आल्ब्रेख्त फॉन हालर हा मोठा शरीरशास्त्रज्ञ. त्याने कोंबडीच्या अंड्यात बघितलं, की बलकाचं आवरण आणि पिल्लाचं आतडं एकमेकांना सलग जोडलेले आहेत. तो म्हणाला, बलक तर कोंबड्याशी संबंध येण्यापूर्वीच कोंबडीच्या पोटात असतो, तेव्हा त्याला जोडलेलं पिल्लूही आधीपासूनच असलं पाहिजे. कास्पार फ्रीडरिश वोल्फ नावाच्या तरुणाला हे मान्य नव्हतं. पुढे पीटर्सबर्गला गेल्यावर १७६८-६९ मध्ये त्याने आतड्याच्या उत्पत्तीवर प्रबंध छापला आणि दाखवलं, की कोंबडीचं आतडं आधी नळी नसतंच, ते एक सपाट पडदा असतं, तो दुमडतो आणि त्याची नळी होते. आधी नव्हतं, नंतर झालं. आमच्या वर्गात आम्ही हे तीस वर्षं शिकवलं. पण खरं सांगायचं तर फळ्यावर. भिंगाखाली नव्हे. त्याचं प्रायश्चित्त पुढे आलं, ते सांगतोच.

आता आपल्या तळ्यांकडे येऊ. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते काही उगाच नाही. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, पण तळ्यांचा इतिहास दोन्ही जिल्ह्यांचा एकच आहे, म्हणून आम्ही आज जुनाच भंडारा धरून बोलतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ही तळी बांधली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ १९१६ चा. त्यात कोहळ्यांची परंपरा नोंदलेली आहे, की चांद्याच्या गोंड राजाने त्यांना बनारसकडून तळी बांधायला आणि ऊस लावायला आणलं. परंपरा किती खरी यावर वाद होऊ शकतो. पाळी मात्र डोळ्यांसमोर आहेत. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत मिळून अशी सहा-सात हजार तळी आणि बोड्या. पाणी धानाला. तळ्यात मासे आणि शिंगाडा. आणि त्या माशांचा, शिंगाड्याचा जाणकार म्हणजे ढिवर. त्याच ग्रंथात ढिवरांच्या नोंदीतही मासे आणि शिंगाडा दोन्ही आहेत.

इतिहास लिहिणाऱ्यांचं लक्ष नेहमी पाळीकडे गेलं. पाळ कोणी बांधली, हक्क कोणाचा, सारा किती. पाण्याच्या आत काय होतं हे फारसं कोणी लिहिलं नाही, कारण ते ज्यांना ठाऊक होतं ते लिहीत नव्हते.

पाण्याच्या आत होते मरळ, शिंगी, मागूर, वाम आणि लहानसहान खवल्यांचे कितीतरी मासे. यातले बरेच तळ्यातच किंवा पावसात भरलेल्या बांध्यांत अंडी घालणारे. बाहेरून बीज आणायची गरज नाही. मरळीचं तर काय सांगावं! गवतात जागा करून अंडी घालते, अंडी वर तरंगतात, नर-मादी राखण करतात. पिल्लं झाली की त्यांचा तांबूस पुंजका पाण्यावर हलताना दिसतो आणि खाली आईबाप फिरत असतात. ॲरिस्टॉटलने ग्रीसच्या नदीतल्या एका माशाबद्दल लिहून ठेवलंय, की त्याचा नर पिल्लांची राखण करतो. आम्हाला ते फार मोठं ज्ञान वाटायचं. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना ते सांगितलं, तर ते म्हणाले, 'त्यात काय जी, मरळ करतेच ना.' विषय संपला.

पण राखण केली तरी खायला कोण देणार? मरळ काही पिल्लांना भरवत नाही. ते काम गवत करतं. पाण्यात बुडालेली हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, काठाचं देवधान, कमळाची पानं, या सगळ्यांच्या देठापानांवर एक निसरडा थर धरतो. त्यात सूक्ष्म जीव वाढतात. नुकतं तोंड उघडलेल्या पिल्लाला दूर जावंच लागत नाही, तोंडाशी घास असतो. पुढे मरळीला खरं जठर तयार होतं, काही आठवड्यांनी. आतडं आखूडच राहतं, कारण ती मांस खाणारी. म्हणजे रोहूच्या उलट. पण पहिल्या आठवड्यात रोहूचं पिल्लू आणि मरळीचं पिल्लू यांची गरज सारखी : तोंड उघडेल त्या दिवशी, तोंडात मावेल असा, जिवंत घास.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, नागपूर राजधानी. तळी सरकारची झाली, निस्ताराचे हक्क कागदावर राहिले. मालगुजार गेले याचं दुःख करणाऱ्यांतले आम्ही नाही. पण पाळीची डागडुजी, गाळ काढणं, यासाठी गावाला जी सक्ती किंवा सवय होती तीही त्यांच्याबरोबर गेली, हे खरं आहे. मासेमारी पुढे ठेक्यावर आली, ढिवरांच्या सहकारी संस्था झाल्या. ठेका भरायचा तर उत्पन्न दाखवलं पाहिजे. उत्पन्न म्हणजे किलो. आणि किलो म्हणजे झपाट्याने वाढणारे मोठे मासे, रोहू, कटला, मृगळ. हे मासे फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात शास्त्रीय नावांनिशी जगापुढे आणले होते. त्यांचं घर म्हणजे मोठ्या नद्या. त्यांची अडचण एकच, की साठलेल्या तळ्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं.

म्हणून बीज नदीतून धरावं लागे. बंगालमध्ये हा जुना धंदा. पुराच्या पाण्यात जाळी लावून अंडी-पिल्लं गोळा करायची, मडक्यात भरायची, आणि रेल्वेने न्यायची. वाटेत माणूस मडक्याशी बसून हाताने पाणी हलवत राहायचा, हवा मिसळावी म्हणून. हावड्याहून असं बीज देशभर जाई, आणि आपला जिल्हा तर हावडा-नागपूर मार्गावरच. त्या बीजात रोहू किती, आणि पुढे त्यालाच खाणारे भलते मासे किती, ते देव जाणे.

ही अडचण सुटली १० जुलै १९५७ ला, ओडिशातल्या अंगुल इथे. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्पना तलावात अंडी घालायला लावली. त्यांच्यासोबत के. एच. अलिकुन्ही होते. (आधीचे रायबहादूर हिरालाल वेगळे आणि हे हिरालाल वेगळे. पण आपल्या जिल्ह्याच्या माशांचा इतिहास दोन हिरालालांशिवाय पुरा होत नाही, हा योगायोग आम्हाला आवडतो.) अर्जेंटिनात आणि ब्राझीलमध्ये असे प्रयोग १९३० च्या दशकात झाले होते, पण आपल्या माशांना लागू पडणारी रीत चौधुरींनी बसवली. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे, तो यामुळेच. आपण त्या वेळी नुकतेच द्विभाषिक मुंबई राज्यात आलो होतो, आठच महिने झाले होते.

या शोधाचं मोल आम्ही तसूभरही कमी करत नाही. रोहूची एक मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. बीजाचा दुष्काळ संपला. पण आमची समजूत अशी आहे, की बीजाचा प्रश्न सुटला तेव्हा माशाचाच प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. अंडी घालणं हा आईच्या शरीराचा प्रश्न होता, तो सुईने सुटला. तोंड उघडल्यावर घास मिळणं हा तळ्याचा प्रश्न होता. त्याला सुई नाही.

समुद्राच्या माशांबाबत हे आधीच लक्षात आलं होतं. नॉर्वेचा योहान हयॉर्त याने १९१४ मध्ये मांडलं, की हेरिंग आणि कॉड एखाद्या वर्षी उदंड का आणि एखाद्या वर्षी गायब का, याचं उत्तर मोठ्या माशांत शोधू नका. शिदोरी संपण्याच्या सुमारास पिल्लांना खाणं मिळालं की नाही, ते बघा. पुढे १९६३ मध्ये ब्लॅक्स्टर आणि हेम्पेल यांनी हेरिंगच्या पिल्लांवर काम करून आणखी एक गोष्ट सांगितली. उपाशी पिल्लाच्या आयुष्यात एक वेळ अशी येते की त्यानंतर समोर अन्न आलं तरी ते खाऊ शकत नाही. जिवंत असतं, पोहतही असतं, पण परत येण्याची वाट बंद झालेली असते.

हे आम्ही वाचलं ते फार उशिरा. आधी काय झालं ते ऐका.

साधारण तीस वर्षांपूर्वी साकोलीकडच्या एका संस्थेने कर्ज काढून काही लाख जिरे आणले. आमचा एक विद्यार्थी त्या ढिवर कुटुंबातला, त्याचे वडील सभासद. मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम ठरला. तारीख पाहुण्यांच्या सोयीने. पिशव्या सकाळीच आल्या आणि मांडवाच्या कडेला ठेवल्या. पाहुणे यायला दुपार झाली. मग सत्कार, मग भाषणं. आम्हीही व्यासपीठावर होतो, आणि लपवत नाही, सगळ्यात लांब भाषण आमचंच झालं. 'बीज आणि वृक्ष' असा काहीतरी रूपकाचा पसारा मांडला होता. मग टाळ्यांच्या गजरात भर उन्हात पिशव्या थेट मोठ्या तळ्यात मोकळ्या केल्या. फोटो निघाले.

त्या हिवाळ्यात जाळं ओढलं तेव्हा त्या बीजातलं म्हणावं असं फार काही निघालं नाही. संस्था पुढची तीन वर्षं ते कर्ज फेडत होती. आमच्या विद्यार्थ्याने त्या वर्षी बी.ए.चं शेवटचं वर्ष सोडलं आणि नागपूरला कामाला गेला. त्याच्या वडिलांनी आम्हाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, 'सर, लेकराच्या तोंडाले दात नाई, न त्याले जत्रेत सोडून देलं आपण.'

एकट्या भुकेनेच मेले असं म्हणणं चूक ठरेल. पिशवी उन्हात तापली होती. तळ्यात जिरे खाणारे मासे होते, पाणकिडे होते. पण त्या वाक्याने आम्ही अस्वस्थ झालो. पुढच्या पावसाळ्यात प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याकडे गेलो आणि थोडे जिरे मागून घेतले. दोन बरण्या केल्या. एकीत साधं निवळलेलं पाणी. दुसरीत गवताळ बोडीचं पाणी, पाणकिडे जाऊ नयेत म्हणून जाड कपड्यातून गाळलेलं. बाकी काही नाही. पिल्लं पारदर्शक, त्यामुळे चिरफाड करावी लागत नाही. भिंगातून पोट सरळ दिसतं. दुसऱ्याच दिवशी बोडीच्या पाण्यातल्या पिल्लांच्या पोटात एक गडद रेघ दिसली. केसाएवढी. ते भरलेलं आतडं. पहिल्या बरणीतल्या पिल्लांच्या पोटात रेघ नव्हती, नुसती काचेसारखी नळी. बलक संपलेला. आणखी काही दिवसांनी त्या बरणीतही आम्ही बोडीचं पाणी घातलं. काहींच्या पोटात रेघ उमटली. पुष्कळांच्या उमटली नाही. ती तशीच कडेकडेने तरंगत राहिली आणि गेली. वोल्फ तीस वर्षं फळ्यावर शिकवला, पण आतडं म्हणजे काय हे आम्हाला त्या बरणीत कळलं.

मत्स्यशास्त्राला हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. म्हणून तर जिरे आधी छोट्या संगोपन तळ्यात पंधरा-वीस दिवस वाढवायचे आणि मग मोठ्या तळ्यात सोडायचे, ही रीत पुस्तकांत आहे. आधी शेणखत घालून पाण्यात सूक्ष्म जीव वाढू द्यायचे, साबण-तेलाचं मिश्रण पसरून पाणकिडे मारायचे, आणि जेवण तयार झाल्यावर पाहुणे बोलवायचे. एवढं करूनही निम्मे जगले तर चांगलं समजतात. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देणारेही आहेत. १९७० च्या दशकात काही शास्त्रज्ञ म्हणत, की जिवंत भक्ष्यच आपल्या शरीरातले पाचकरस पिल्लाला उसने देतं. पुढे तो वाटा फारसा नाही असं दिसलं. पण पहिल्या दिवसांत जिवंत घासाची सर कोरड्या भुकटीला येत नाही, हे टिकून आहे.

या रीतीतली एक गोष्ट मात्र आमच्या घशाखाली उतरत नाही. संगोपन तळ्यातले नको असलेले मासे काढायला मोहाच्या बियांची ढेप घालतात, हेक्टरी सुमारे २,५०० किलो. तिच्यातल्या विषाने मासे मरतात, आणि काही दिवसांनी विष उतरलं की तीच ढेप खत होऊन सूक्ष्म जीव वाढवते. शास्त्र म्हणून सुंदर आहे. मोह आपला, तळं आपलं. पण 'नको असलेले' या यादीत कोण येतं? मरळ, शिंगी, मागूर आणि ते सगळे बारके खवल्यांचे मासे, जे कोणाच्या कर्जाशिवाय या पाण्यात होते, आणि गरिबाच्या घरी रोज शिजत होते. छोट्या संगोपन तळ्यापुरतं हे समजू शकतं. मनातली यादी मात्र मोठ्या तळ्यापर्यंत पोचली. गवत म्हणजे कचरा, बारका मासा म्हणजे चोर, असं म्हणता म्हणता गवत गेलं. गाळ साचला. काठावर बेशरम माजली. बेशरमीच्या झुडपात पाणपक्षी बसतील, पण हायड्रिलेच्या पानावर धरतो तसा थर तिथे मिळत नाही. म्हणजे आपण दरवर्षी बाहेरून पोटं आणून सोडत गेलो, आणि त्याच वेळी ताटं उचलत गेलो.

आता काही ठिकाणी उलटं पाऊल पडलं आहे. अर्जुनी-मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना बरोबर घेऊन तळ्यांतली बेशरम काढली, तळ नांगरून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, स्थानिक मासे जपले. कुठली वनस्पती कुठल्या खोलीत लावायची हे ढिवर बायाबापड्यांनी सांगितलं. आम्ही एकदा ते बघायला गेलो होतो. गुडघाभर पाण्यात उभं राहून बायका हायड्रिलेचे तुकडे चिखलात रोवत होत्या, जसा धान रोवतात तसा, ओळीने. कोणीतरी विचारलं, मासे सोडायचे दिवस असताना गवत काय लावता? त्यातली एक म्हणाली, 'आधी रांधून ठेवा लागते ना जी.'

तो नागपूरला गेलेला विद्यार्थी आता परत आला आहे. केस पांढरे झालेत. संस्थेची बोडी तोच बघतो. मागच्या जुलैत त्याने आम्हाला बोलावलं, कार्यक्रमाला नव्हे, नुसतं बघायला. त्याच्या नातवाने काचेच्या ग्लासात बोडीचं पाणी घेतलं, त्यात पिशवीतले आठ-दहा जिरे सोडले आणि मोबाइलला लावायचं छोटं भिंग धरून बघत बसला. बलक संपून तोंड उघडलेलं आहे की नाही, हे तो बघत होता. सकाळी नव्हतं. दुपारीही एक-दोघांचंच. आम्ही घरी जायला निघालो, तर पोरगं म्हणालं, 'थांबा न आजोबा.' थांबलो. ऊन उतरायला लागल्यावर त्याने ग्लास आमच्यापुढे धरला. आमच्या चष्म्याला काही नीट दिसेना. त्यानेच सांगितलं, तिघांच्या पोटात रेघ आली. मग पिशव्या बोडीच्या पाण्यात तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत, आणि दिवेलागणीला गाठी सोडल्या.